हौशीरामतात्यांनी पारखलेला आस

मित्रांनो, गाडी बघायला आलेली माणसं रंग बघतात, गाद्या दाबून बघतात, भोंगा वाजवून बघतात. गाडीखाली वाकून कुणी बघत नाही. त्यामुळे तुमची-माझी ओळख असण्याचा प्रश्नच नाही. मी आस आहे, जीपच्या पुढच्या दोन चाकांमधला लोखंडी आस. सध्या जुन्नरजवळच्या डिंगोरे गावात एका गोठ्याच्या भिंतीला लागून पडलो आहे. माझ्या एका टोकाला कालवड बांधलेली असते आणि ती दिवसभर माझ्यावर मान घासते. म्हातारपणी माझी सेवा करणारं तेवढंच कुणीतरी उरलं आहे.

माझा जन्म जीपसाठी झाला नव्हता. मी लष्करी ट्रकचा. माझं अंग जाड, टोकं भरीव, आणि कारखान्यातून बाहेर पडतानाच पाठीवर नंबर ठोकलेला. त्याच ट्रकच्या मागच्या चाकांना दुसरा आस होता. आम्ही दोघे एका मापाने घडलो होतो. आता हे माप म्हणजे काय, ते आधी नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरून घडलं.

आसाच्या पोटात दातेरी चक्रं असतात. इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरला म्हणजे रस्त्यावरचं चाक एकदा फिरायचं, हे ती चक्रं ठरवतात. ज्या गाडीची पुढची-मागची चारही चाकं जोर लावतात, तिच्या दोन्ही आसांचं हे गणित एकच असावं लागतं. ते नसलं तर मागची चाकं पुढे पळायला बघतात, पुढची रेंगाळतात, आणि मधल्या दांड्यांना पीळ बसत जातो. चिखलात चाकं घसरतात, म्हणून पीळ आपोआप सुटतो. टणक रस्त्यावर चाक घसरत नाही. तिथे तो साठत राहतो.

लष्करात मी मजेत होतो. वाळू पाहिली, बर्फ पाहिला. चालवणारा जवान दर मुक्कामाला खाली झोपून माझं तेल बघायचा, चिंधीने पुसायचा. मग ट्रक म्हातारा झाला, लिलावात गेला आणि पुण्यातल्या एका भंगारवाल्याच्या आवारात आमचे तुकडे झाले. माझा जोडीदार, तो मागचा आस, माझ्यादेखत कापून वितळवायला नेला. मी दणकट दिसत होतो म्हणून वाचलो. वाचलो हे चांगलं झालं की वाईट, हे शेवटी तुम्हीच सांगा.

तिथे मला न्यायला दोघे आले, एकोणीसशे नव्वद सालानंतरच्या एका उन्हाळ्यात.

पहिले हौशीरामतात्या. डिंगोऱ्यातले मोठे बागायतदार, पण त्यांचा खरा लौकिक बैलांच्या पारखीचा. जुन्नर-आंबेगावात कुणाला शर्यतीचा बैल घ्यायचा झाला की तात्यांना बेल्ह्याच्या बाजाराला सोबत नेल्याशिवाय तो दावणीला येत नसे. तात्या बैलाभोवती एक फेरी मारायचे, पाठीवर थाप टाकायचे, खुरांकडे बघायचे आणि निकाल द्यायचे. त्या निकालावर दुसरा शब्द कुणी काढत नसे.

दुसरा धम्मपाल, तिशीतला. त्याचे वडील भागुजी तात्यांच्या वडिलांच्या रानात राबलेले. आता भागुजींची स्वतःची जमीन होती, पोरगा पिंपरीच्या कारखान्यात काम शिकून आला होता, पण तात्यांपुढे आवाज खाली ठेवायची घरातली जुनी सवय काही सुटली नव्हती. तात्यांनी जीप घेतली आणि धम्मपालला चालवायला दिली. डोंगरातल्या वाड्यांवरची माणसं तो जुन्नरला आणायचा, पोचवायचा. गाडी तात्यांची, पण वाड्यांवर तिला सगळे ‘धम्मपालची गाडी’ म्हणायचे. त्या नावावर त्याचा फार जीव होता. दुसरी रिकामी जीप समोर उभी असली तरी माणसं त्याची वाट बघत थांबायची, आणि हे सांगताना त्याचा चेहरा उजळायचा.

वरच्या वाडीच्या वाटेवर दगडांत आपटून त्या जीपचा पुढचा आस मोडला होता. नवा पाहिजे होता आणि तो आधीच्यापेक्षा दणकट पाहिजे होता. आवारात तात्यांना दोघांमधून एक निवडायचा होता. एक मी. दुसरा एक सडपातळ आस, त्यांच्याच जातीच्या जीपचा काढलेला.

“तात्या, मला ह्यो बारका बरा वाटतो,” धम्मपाल म्हणाला. “आपल्या मागच्या आसाच्या घरचाच हाय. वरनं पट्ट्या मारून घिऊ, दगडाला टिकंल.”

तात्यांनी बारक्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते माझ्याभोवती फिरले. पाठीवर थाप मारली, कान देऊन आवाज ऐकला. दोन्ही टोकांवरून हात फिरवला, जसा बैलाच्या खांद्यावरून फिरवतात. मग म्हणाले, “ह्याला म्हंत्यात अंग! आरं, गाड्याला चार बैल जुंपतो आपण. पुढची जोडी आन् मागची जोडी एकसारखी आसती का? पुढं जोराची लागती. पुढची वढती, तवा मागची पळती.”

“पर तात्या, बैल आपल्या पायानं पळतो. हितं चारी चाकं एकाच इंजिनाला बांधल्याली. पोटातलं जुळतंय का तेवढं बघू. दांडा फिरवून चाक किती फिरतंय...”

“माज्या थापंला कळलं न्हाई ते तुज्या दांड्याला कळणार व्हय?” तात्या हसले. रागाने नाही हो, मायेनेच हसले. धम्मपालही हसला. खरं सांगायचं तर त्यालाही मी आवडलो होतो. एवढा जाडजूड आस आपल्या गाडीखाली असावा असं कुठल्या ड्रायव्हरला वाटणार नाही? त्याने मला एकदा न्याहाळलं आणि दांड्याचा विषय सोडून दिला.

मग तात्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि भंगारवाल्याचा हात त्याखाली धरला. बेल्ह्याच्या बाजारात बैलाचा भाव असाच होतो, उपरण्याआड बोटं दाबून, बघणाऱ्याला काही कळू न देता. भंगारवाला दचकला. “अहो काका, हात सोडा! काय असेल ते तोंडाने बोला ना!” धम्मपालला हसू आवरेना. तात्याही खूश होते. मीही खूश होतो, मित्रांनो. वितळायचं सोडून मी पुन्हा रस्त्यावर जाणार होतो, आणि त्या आनंदात माझ्या पोटातलं गणित मीसुद्धा विसरलो.

मला जीपखाली बसवलं, त्या दिवशी तात्यांनी माझ्यावर हळद-कुंकू वाहिलं आणि नारळ फोडला. बैल घरी आल्यावर करतात तसंच सगळं. त्यानंतरची काही वर्षं चांगली गेली. वरच्या वाडीची वाट म्हणजे लाल चिखल. धम्मपाल गिअरजवळचा छोटा दांडा ओढून पुढच्या चाकांना जोर द्यायचा आणि मी त्या चिखलातून गाडी अशी बाहेर काढायचो की मागे बसलेली माणसं टाळ्या वाजवायची. आजारी माणसं खाली आली, हिरड्याची पोती खाली आली, नवऱ्या वर गेल्या. चावडीपुढे तात्या सांगायचे, “मी पारखल्याला हाय त्यो. लष्कराचा हाय.” मिरवून घेताना मीही मागे हटत नव्हतो.

मग वाडीच्या चढावर सिमेंटचा रस्ता झाला. गावाने पेढे वाटले. माझे मात्र तिथून हाल सुरू झाले.

चढ उभा आणि गाडी कायम भरलेली. पुढच्या चाकांचा जोर लावल्याशिवाय ती चढायची नाही, म्हणून धम्मपाल सवयीने छोटा दांडा ओढायचा. सिमेंटवर चाकं घसरेनात. मागची चाकं पुढे रेटायची, माझी अडून बसायची आणि पीळ साठत जायचा. गाडी आचके द्यायला लागली. स्टेअरिंग जड झालं. पुढचे टायर बघता बघता गुळगुळीत व्हायला लागले. धम्मपालच्या हाताला हे कळत होतं.

तो तात्यांकडे गेला. “तात्या, आस उघडून बघू या. पुढचं-मागचं जुळत न्हाई, असा मला सौंशय हाय.”

तात्या बैलांना वैरण टाकत होते. “नवा बैल खांद्याला रुळाया येळ लागतो.”

“नवा कुटला आता? लई दिस झालं.”

तात्यांनी वैरण खाली ठेवली. “धम्मा, माज्या पारखीवर इस्वास न्हाई का तुजा?”

ह्या प्रश्नाला ‘न्हाई’ म्हणणारा डिंगोऱ्यात कुणी नव्हता. धम्मपाल मान खाली घालून गाडीकडे आला. त्याला मी ओरडून सांगायला हवं होतं की माघार घेऊ नकोस, आत्ता पाना घे आणि उघड मला. पण लोखंडाला तोंड नसतं. तोंड असलेल्यांनी त्या तोंडाचं पुढे काय केलं, ते सांगतोच.

तो रविवार होता. जुन्नरचा बाजार करून माणसं वाडीला परत निघाली होती. वाडीवरची झुंबरबाई मागच्या फळीवर पाय बाहेर सोडून बसली होती. हिरडा विकून तिने नवी कढई घेतली होती आणि ती सगळ्यांना वाजवून दाखवत होती. चढाच्या वळणावर माझ्या अंगातून कळ गेली. मागचा जोर आणि माझी अडवणूक ह्यांच्यामध्ये सापडून पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटीच फुटली. तुटलेला दांडा गरगर फिरत ब्रेकच्या नळीवर आपटला आणि नळी गेली. गाडी माणसांसकट मागे सुटली.

एका अंगाला दरी होती. धम्मपालने मागे वळून बघितलं आणि सगळं बळ लावून गाडी डोंगराच्या अंगाला घातली. ती दरडीवर आदळली आणि थांबली. सगळे वाचले. फक्त झुंबरबाईचा पाय फळी आणि दरड ह्यांच्यामध्ये चिरडला. धम्मपालने तिला पाठीवर घेतलं आणि तसाच खाली पळत सुटला.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने ओढून जीप गावात आणली, पाराशेजारी उभी केली. नारायणगावहून भिका मिस्त्री आला. तात्या त्याच्याजवळ उकिडवे बसले. धम्मपाल अजून दवाखान्यात झुंबरबाईजवळच होता. भिकाने मला उघडलं, चाक हाताने फिरवलं, मग मागे जाऊन तिकडचं चाक फिरवलं. त्याला फार वेळ लागला नाही.

“तात्या, ह्ये जुळतच न्हाई,” तो हळूच म्हणाला. “पुढचं येगळं, मागचं येगळं. दुसरी गाडी आसती तर कवाच तुटली आसती. धम्मपालनं सांभाळून चालवली म्हणून एवढी टिकली.”

तात्यांचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला. त्यांना सगळं कळलं. आवारातली ती थाप, तो बारका आस, तो दांडा, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. “झाकण लाव,” ते म्हणाले. “आन् ह्ये तुज्या-माज्यातच राहू दे.” भिकाकडे दुरुस्तीला येणारे निम्मे ट्रॅक्टर तात्यांच्या शब्दावर यायचे. त्याने झाकण लावलं.

दुपार कलल्यावर गाव जमलं. कर्ती माणसं पारावर बसली. धम्मपाल खाली उभा राहिला, कालच्याच कपड्यांत, सदऱ्यावर झुंबरबाईचं रक्त वाळलेलं. कुणीतरी म्हणालं, गाडी जोरात होती म्हणे. कुणी म्हणालं, घेतली असेल थोडी. मागून एक जण बोलला, “गाडी कुणाच्या हातात द्यावी ह्याचाबी इचार पायजे,” आणि दोघे-तिघे हसले. त्या बोलण्याचा रोख काय होता, हे तिथे सगळ्यांना कळलं.

धम्मपाल एक पाऊल पुढे आला. तो फक्त तात्यांकडे बघत होता. “तात्या, तुमी सांगा. मी आस उघडा म्हनलो व्हतो का न्हाई?”

सगळे तात्यांकडे वळले. तात्या एक शब्द बोलले असते की ‘पारख माझी चुकली’, तर काय झालं असतं? चार दिवस लोक हसले असते. बेल्ह्याला कुणीतरी टोमणा मारला असता. एवढंच. पण तात्यांची सगळी मिळकत त्या पारखी नजरेच्या लौकिकात होती, ती त्यांच्याने सोडवली नाही.

“आस चांगला व्हता,” ते म्हणाले. “हात कच्चा पडला.”

मी तिथेच, हातभर अंतरावर होतो, मित्रांनो. भट्टीत घातलं तेव्हा मला एवढं भाजलं नव्हतं. माझ्याच पोटातला दोष, आणि तो उघड्या डोळ्यांनी एका निर्दोष माणसाच्या कपाळी चिकटवला जात होता, तोही माझी तारीफ करून!

पुढे झुंबरबाई जरा बरी झाल्यावर कुबडी टेकत डिंगोऱ्यात आली. भेटेल त्याला सांगत होती, “गाडीनंच आचका दिला, बाबांनो. त्या लेकरानं आमाला दरीतनं वडून काढलं.” तिला लोकांनी पाणी दिलं, बसायला दिलं. तिचं म्हणणं मात्र कुणी ऐकून घेतलं नाही.

त्यानंतर धम्मपालच्या हातात कुणी गाडी दिली नाही. वाड्यांवर दुसऱ्या जीप फिरू लागल्या. तो बायकोला, कल्याणीला घेऊन पारगावला गेला आणि साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या रांगेत लावायच्या कामाला लागला. दुसऱ्यांच्या गाड्यांना हाताने खुणा करायच्या, ‘पुढे घे, मागे घे’. एवढाच त्याचा गाडीशी संबंध उरला.

आणि मी? तात्यांनी जीप विकली, पण मला विकलं नाही. लोकांना वाटलं, पारखलेल्या मालावर तात्यांचा जीव आहे. खरं कारण मला माहीत होतं. दुसऱ्या कुणाच्या हाती पडलो तर तो मला उघडणार. म्हणून मला गोठ्यात आणून टाकलं, बाहेरून सहज दिसणार नाही अशा बाजूला.

पुढे सन दोन हजार उलटून गेल्यावर तात्यांच्या मुलाने, अमृतने नवी जीप घेतली. तात्या थकले होते. त्यांनी पारगावला निरोप धाडून धम्मपालला बोलावून घेतलं. तो आला. कानावरचे केस पिकले होते. गोठ्यापुढच्या बाजेवर दोघे बसले.

“अमृतची गाडी तू चालव,” तात्या म्हणाले. “पंचक्रोशीत तुज्यासारका हात न्हाई. मला ठावं हाय.”

“ह्ये पारावर बोला,” धम्मपाल म्हणाला.

“जुनं कशाला उकरून काढतो आता? मी म्हनतोय न्हवं, की तुजी चूक नव्हती.”

“हितं म्हनताय. हितं म्या हाय, तुमी हाय आन् ही जनावरं. भिकानं मला कवाच सांगितलंय सगळं. तात्या, तुमी चारचौघांत बोललाव्हता, चारचौघांतच मागं घ्या. मंग मी गाडी चालवीन. पगार नका दिऊ.”

तात्यांनी उपरण्याची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाले, “ह्या वयात माजं तोंड खाली घालाया लावतो का, धम्मा?”

“माजं घातलं तवा माजं वय काय व्हतं?”

धम्मपाल उठला. जाताना त्याची नजर माझ्यावर गेली आणि तो थबकला. “आन् ह्याला का जपून ठिवलाय?” त्याने विचारलं. तात्या उठून बैलांपुढे वैरण टाकायला लागले. धम्मपाल फाट्याकडे चालत निघून गेला.

बोलायला तात्यांना त्यानंतरही पुष्कळ वेळ मिळाला. पार तिथेच होता. तात्या रोज संध्याकाळी त्यावर जाऊन बसत आणि बैलांच्या गोष्टी सांगत. मग एका उन्हाळ्यात ते गेले. दहाव्याला लाउडस्पीकरवर भाषणं झाली, ती मला गोठ्यात ऐकू येत होती. एका मागून एक माणूस उठत होता आणि म्हणत होता की तात्यांची नजर आयुष्यात कधी चुकली नाही. धम्मपालही आला होता, असं गोठ्यात वैरण टाकणारी माणसं आपसात बोलत होती. सगळ्यात मागे उभा होता म्हणे, आणि भाषणं संपायच्या आत निघून गेला.

मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे आस शेवटी तुमच्याकडे तेल मागतात, रंग मागतात, सावली मागतात. मला त्यातलं काही नको. गंज मला खातो आहे, त्याला खाऊ द्या. वस्तू निवडताना तिच्या पोटात काय आहे ते बघा, एवढं सांगून मी गप्प बसलो असतो. पण माझं एक काम अडलं आहे आणि ते तोंड असलेल्या माणसाशिवाय होणार नाही.

तुमच्यापैकी कुणी पारगावला गेलंच, तर कारखान्याच्या वजनकाट्यापाशी जा. उसाच्या गाड्या मागेपुढे घ्यायला लावणारा एक माणूस तिथे उन्हात उभा असेल. त्याला सांगा, आस वाईट होता, हात चांगला होता. आणि हे त्याच्या कानात सांगू नका. कानात त्याला पूर्वीच सांगून झालं आहे. गाड्यांची रांग लागलेली असेल, ट्रॅक्टरवाले, ऊसतोडीची माणसं, सगळी जमलेली असतील, तेव्हा मोठ्याने सांगा.